झिपरू हॉर्न वाजवत नाही

मोटारसायकलच्या वर्गात झिपरू वयानं सगळ्यांत मोठा होता, आणि पहिल्याच दिवशी तो हॉर्नवर अडला.

बाकी त्याला सगळं येत होतं. भाच्याची जुनी गाडी तो दोनेक वर्षं चालवत होता, लायसनही काढलं होतं. चुन्याच्या रेघेवरून सरळ जाणं, डांबराच्या रिकाम्या पिंपांना वळसे घालणं, खुणेवर नेमकं थांबणं, हे सगळं त्यानं इतक्या सावकाश केलं की बाकीच्या पोरांनी तेवढ्यात एकेक बिडी ओढून घेतली. गाडीवर बसला की त्याचा चेहरा नदीत पाय सोडून बसलेल्या माणसासारखा व्हायचा.

मग यादव मास्तरांनी दोन माणसांना मैदानात पाठमोरं चालायला लावलं आणि झिपरूला सांगितलं, "मागून जा, हॉर्न दे, उजवीकडून पुढं काढ."

झिपरू मागून गेला. माणसांजवळ पोचल्यावर त्यानं गाडी हळू केली आणि त्यांच्या चालीनं त्यांच्या मागोमाग मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. तिथं तारेचं कुंपण लागलं. माणसं थांबली. झिपरूही थांबला.

यादव मास्तर फौजेत गाड्यांच्या तुकडीत हवालदार होते. आता वीज केंद्राच्या वसाहतीच्या मैदानावर कामगारांना सुरक्षित मोटारसायकल शिकवायचे. त्यांचा आवाज मात्र अजून फौजेतच होता. हॉर्न बिघडलाय का, असं त्यांनी तिथूनच विचारलं.

"हॉर्न चांगला हाय, मास्तर," झिपरू म्हणाला. "पण वाटेला लागलेल्या माणसाला मागून हाक मारू नाय. त्याचं काम होत नाय."

पोरं हसली. मास्तर हसले नाहीत. ही समजूत त्यांच्या निफाडकडच्या गावातही होती, पण ती त्यांनी भरतीच्या दिवशी गावातच ठेवली होती. झिपरूचं गाव पेठच्या डोंगरात. तिकडं ही गोष्ट श्वास घेण्यासारखी. त्याचा बाप एकदा बाजाराला निघाला आणि नागलीचं गाठोडं घरातच राहिलं. तेव्हा आईनं हाक मारली नव्हती. ती नाल्यातून पळत पळत पुढं गेली होती आणि वळणावर गाठोडं घेऊन समोर उभी राहिली होती.

मास्तरांनी ही हकीकत ऐकून घेतली आणि वर्गाचा नियम सगळ्यांना पुन्हा सांगितला. हॉर्न दिल्याशिवाय कुणाच्याही पुढं जायचं नाही. जो जाईल तो नापास.

दुसऱ्या दिवशी झिपरू तोड काढूनच आला. पाठमोरी माणसं दिसताच त्यानं गाडी बाजूच्या बाभळीत घातली, लांबून वळसा मारला, माणसांच्या समोर आला, गाडी थांबवली आणि म्हणाला, "भाऊ, मी मागून येतोय बरं का. जरा डावीकडं ऱ्हावा." मग त्याच वाटेनं तो परत मागं गेला आणि हॉर्न न वाजवता पुढं निघाला. बाभळीच्या काट्यानं मागचं चाक मात्र बसलं.

"रस्त्यावर प्रत्येक बैलगाडीला असा वळसा घालणार का?" मास्तरांनी विचारलं.

"आपल्याला काय घाई हाय?" झिपरू म्हणाला.

घाई नव्हती, पण गरज होती. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात झिपरू कितीतरी वर्षं कोळशाच्या यार्डात राबत होता. आता पेठकडच्या डोंगरात वीजतारांची पाहणी करायला एक माणूस हवा होता. खात्याची मोटारसायकल मिळणार होती आणि राहायला झिपरूच्या गावाजवळच खोली. अट एकच, हा वर्ग पास व्हायचा.

त्याची बायको फुलाबाई रोज सकाळी खोलीच्या दारात बसून केंद्राच्या मनोऱ्यांतून निघणारी वाफ बघायची. वाफ पांढरी, जाड, अंगावर आल्यासारखी खाली उतरायची. अर्धे डोळे मिटले की ते गावाकडचं धुकं वाटे, आणि धुक्याच्या आत भाताची खाचरं, कारवीच्या कुडाच्या भिंती, बहिणीचं घर. मग वारा फिरे आणि वाळत घातलेल्या लुगड्यावर राख पडे. बदलीचं कानावर आलं त्याच दिवशी तिनं भांडी पोत्यात भरली होती. स्वयंपाकाला एक पातेलं बाहेर ठेवलं होतं. त्यातच वरण आणि त्यातच भात.

"एक बटण दाबायचं," ती रात्री जेवताना म्हणाली. "त्याच्यापायी मी इथंच मरू काय?"

"दाबीन," झिपरू म्हणाला. पण दाबल्यावर कुणाचं काम अडेल, याचाच त्याला घोर होता.

परीक्षा रविवारी होती, रस्त्यावरची. एकलहऱ्याहून नाशिकच्या द्वारका चौकापर्यंत झिपरूनं चालवायचं आणि मागं मास्तर बसणार. द्वारका निवडण्याचं कारण असं की मास्तरांचं घर द्वारकेच्या मागच्या गल्लीत होतं, आणि त्या दिवशी चार वाजता त्यांच्या लताला बघायला पाहुणे येणार होते. याआधी बरीच स्थळं येऊन चहा पिऊन गेली होती. प्रत्येक वेळी मास्तर पाहुण्यांशी फौजेतल्यासारखं बोलले होते. या खेपेला त्यांच्या बायकोनं, सावित्रीबाईंनी, सांगितलं होतं की तुम्ही वेळेवर या आणि गप्प बसा. परीक्षा आणि घरी जाणं एकाच पेट्रोलमध्ये उरकावं, असा मास्तरांचा बेत होता.

नाशिकरोडपर्यंत सगळं ठीक चाललं. स्टेशनाच्या पुढं एक टांगा आडवा आला आणि त्यांच्या समोर लागला. टांगेवाल्याशेजारी नवा शर्ट घातलेला एक तरुण, डोक्याला चापून तेल. मागच्या बाजूला तोंड करून बसलेला एक म्हातारा, गुलाबी फेटा, मांडीवर पिशवी, पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर. घोडं म्हातारं होतं. ते आठवून आठवून एकेक पाय टाकत होतं.

झिपरूनं गाडी टांग्याच्या मागं लावली आणि त्याचा चेहरा नदीकाठी गेला.

"हॉर्न," मास्तर मागून म्हणाले.

"चांगल्या कामाला निघालीत माणसं, मास्तर. फेटा बघा ना."

"अरे, म्हातारा तुझ्याकडंच तोंड करून बसलाय. मागून हाक कुठं होतीये?"

झिपरूनं यावर विचार केला. तेवढ्यात घोड्यानं दोन-चार पावलं टाकली. "तोंड इकडं हाय," तो म्हणाला, "पण काम तिकडं चाललंय."

"मग हॉर्न न देता पुढं काढ."

"तुमीच म्हणले, तसं केलं की नापास."

मास्तरांचा नियम मास्तरांच्याच आडवा आला. ते थोडा वेळ गुरगुरले. उन्हापायी डोक्याला बांधलेला टॉवेल त्यांनी घट्ट आवळला आणि झिपरूच्या खांद्यावरून हात लांब केला. हॉर्न आपणच दाबावा असं त्यांनी ठरवलं होतं. त्याच वेळी टांग्यातल्या म्हाताऱ्यानं कंटाळून बोलणं काढलं. कुठं निघालात, म्हणून विचारलं.

"परीक्षेला," झिपरू म्हणाला.

"कशाच्या?"

"ह्याच्याच."

"आमीबी परीक्षेलाच म्हणा," म्हातारा हसला. त्याचं नाव मल्हारी, गाव निफाडजवळ, आणि पुढं बसलेला तो त्याचा मुलगा गोरक्ष, हे त्यानं न विचारता सांगितलं. "पोराला मुलगी बघायला चाललोय. द्वारकेच्या मागं. बाप फौजेतला हाय, यादव हवालदार. लय तापट माणूस, असं कानावर आलंय. पोरीचं काय नाय हो, पोरगी चांगलीच आसंल. पण बापानं शिव्या दिल्या तर मी तिथूनच माघारी फिरणार."

मास्तरांचा हात हॉर्नच्या अगदी जवळ पोचला होता. तो तसाच माघारी आला. येताना त्यानं टॉवेलचं टोक ओढून नाकावर घेतलं.

इतक्यात मागून एक ट्रक आला आणि त्यानं कान फाटेल असा हॉर्न दिला. मास्तर चालत्या गाडीवरून उतरले. ट्रकपुढं जाऊन त्यांनी दोन्ही हात जोडले. पुढं मंगल कार्य चाललंय, दम धरा, असं ते आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या हळू आवाजात म्हणाले. ट्रकवाल्याला वाटलं, बाबा कुठल्यातरी मठातला असावा. त्यानं हॉर्नवरचा हात काढला. त्याच्या मागं एसटी आली. मास्तर तिच्याकडंही गेले. मग एक भाजीचा टेम्पो, मग एक काळी मोटार. थोड्या वेळानं नाशिक-पुणे रस्त्यावर पुढं टांगा, मागं झिपरू आणि त्यामागं सगळी वाहनं, अशी रांग एकही आवाज न करता घोड्याच्या पावलानं चालू लागली. दुपारचं ऊन निंबांतून खाली सांडत होतं. एसटीतली माणसं खिडकीवर डोकं टेकून झोपली. मल्हारीलाही डुलकी लागली आणि गुलाबी फेटा छातीवर आला.

मास्तर धावत येऊन पुन्हा मागं बसले. "झिपरूभाऊ," ते त्याच्या कानात म्हणाले. आजपर्यंत ते त्याला नुसतं झिपरू म्हणत आले होते. "ते घर माझं आहे. पोरगी माझी. मला यांच्या आधी पोचायला पाहिजे. पण यांच्या मागून..."

"हाक नाय मारायची," झिपरू म्हणाला.

त्यानं गाडी हळूच डावीकडं, मळ्यांतल्या बैलगाडीच्या वाटेला उतरवली. मेथीच्या वाफ्यांमधून, विहिरीला वळसा घालून, एका घराच्या अंगणातून, वाळत घातलेल्या शेवयांना चुकवत, ते दोघे टांग्याच्या पुष्कळ पुढं रस्त्याला लागले. मागं वळून टांगेवाल्याला सांगून यावं का, असं झिपरूनं विचारलं. मास्तर नको म्हणाले.

मास्तर मागच्या दारानं घरात शिरले, टॉवेल आणि शर्ट फेकला, दुसरा शर्ट घातला आणि पुढच्या दारात हात जोडून उभे राहिले. टांगा आला. मुलगी पसंत पडली. चहा पिताना मल्हारी खुशीत आला.

"वाटेत एक देवमाणूस भेटला," तो म्हणाला. "गाडी हातात आसून आमच्या मागं मागं आला, पण हॉर्न नाय दिला. तवाच म्हणलं, आज काम होणार. त्याच्या मागं बसलेला मातर सारखा गुरगुरत होता, तोंड बांधून. तसलं माणूस व्याही म्हणून पदरात पडलं तर जन्माचं वाटोळं."

"खरंय," मास्तर म्हणाले. सावित्रीबाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर केंद्राच्या साहेबांपुढं उभे राहिले. झिपरू पास आहे, असं सांगायला गेले होते, पण आनंदात बोलणं लांबलं. इतका सुरक्षित चालवणारा माणूस फौजेतही पाहिला नाही, असं ते म्हणाले. याच्या मागं एसटीतली माणसं झोपी जातात, असंही म्हणाले.

साहेब खूश झाले. गेल्या वर्षी केंद्राच्या फाटकासमोरच पोरांच्या गाड्या एकमेकांवर आदळल्या होत्या. इतका चांगला माणूस डोंगरात धाडणं म्हणजे वाया घालवणं, असं त्यांनी ठरवलं. झिपरूनं इथंच, एकलहऱ्यालाच राहायचं आणि मास्तरांच्या हाताखाली पोरांना शिकवायचं. पेठला दुसरं कुणीतरी जाईल.

ही बातमी झिपरूनं घरी फुलाबाईला सांगितली. तिनं पोतं सोडलं, एक परात बाहेर काढली, तिच्याकडं बघितलं आणि परत आत घातली. मग ती तशीच उठली आणि झिपरूला पुढं घालून मास्तरांच्या घरी गेली. तिथं लग्नाच्या याद्या चालल्या होत्या.

"मास्तर," ती दारातूनच म्हणाली, "तुमच्या पोरीचं घर ह्यांनी बसवलं. माझं तुमी मोडलं."

मास्तरांनी खाली बघितलं. मग ते आत जाऊन टोपी घालून आले.

साहेबांच्या खोलीत ते ताठ उभे राहिले. झिपरू दाराशी होता. "साहेब, हा माणूस शहराच्या लायक नाही," मास्तर म्हणाले.

"परवा तर तुम्ही म्हणत होतात—"

"परवा पोरीचं जमलं होतं. डोकं ठिकाणावर नव्हतं." आणि मग मास्तरांनी पुन्हा फौजेतला आवाज लावला. हा हॉर्न वाजवत नाही. हा लोकांच्या अंगणातून गाडी नेतो. रस्त्यानं जाणाऱ्या माणसांशी गप्पा मारतो. चालवताना स्वप्नं बघतो. पोरांना यानं शिकवलं तर महिन्याभरात केंद्राची सगळी पोरं बैलगाड्यांच्या मागं लागून कामावर दुपारी पोचतील.

शेवटचं वाक्य साहेबांना लागलं. त्यांनी झिपरूला विचारलं, हे खरं का?

"खरं हाय, साहेब," झिपरू म्हणाला. "मी लय वाईट चालवतो."

"मग पास कसं केलं तुम्ही याला?" साहेबांनी मास्तरांना विचारलं.

"डोंगरात चालेल, साहेब. तिकडं सगळे असेच आहेत."

साहेबांनी घड्याळाकडं बघितलं आणि सांगितलं की याला या आठवड्यातच पेठला पाठवा, इथल्या पोरांच्या नजरेला पडायच्या आत.

संध्याकाळी वसाहतीतल्या बायका नळावर होत्या, तेव्हा फुलाबाई ताटलीत गूळ-शेंगदाणे घेऊन आली. नवं लुगडं नेसली होती. तिनं प्रत्येकीच्या हातावर मूठभर ठेवलं. एकीनं विचारलं, काय गं, बढती मिळाली का?

"नाय," फुलाबाई म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. "आमच्या ह्यांना साहेबांनी नालायक ठरवलं."