राजकन्या लुडोविकाची मऊ खुर्ची

बाळांनो, नीट बसा, पाय हलवू नका. गेल्या शतकात एका जर्मन जंगलात एक तळं होतं आणि तळ्यावर हंसांचं राज्य होतं. राज्य एवढंसं, की महाराज शिंकले तर परराष्ट्रात ऐकू जायचं. मानपान मात्र मोठ्या साम्राज्याला लाजवेल असा.

त्या घराण्यात लुडोविका नावाची धाकटी राजकन्या होती. शाही मेजवानीत कोणी कुठे बसायचं हे पणजोबांच्या काळापासून ठरलेलं. लुडोविकाची खुर्ची अगदी दाराजवळ, वाऱ्यात. तरी ती तिला जिवापाड जपायची.

तळ्याकाठी एमिल बदक राहायचा. त्याचे आजोबा नदीपलीकडून इथे आले होते. एमिलच्या पंखावर निळ्या पिसांचा पट्टा होता आणि स्वभाव मोकळा होता. लुडोविकाला तो आवडायचा. फार आवडायचा. एक दिवस त्याने सरळच विचारलं, "लग्न करशील माझ्याशी?"

"तुझ्याशी केलं तर माझी खुर्ची जाईल," ती म्हणाली. "आमच्यात हंसाने हंसाशीच करायचं असतं."

"पण तिथे गारठते म्हणून तूच कुरकुरतेस ना?"

"गारठते. पण तो वारा शाही असतो."

एमिल पोहत निघून गेला. लुडोविका खूप रडली. खुर्चीत बसूनच रडली.

पुढे मोठी लढाई झाली आणि जंगलातली सगळी राज्यं बुडाली. महाराज पळाले. लुडोविकाकडे 'राजकन्या' हे नाव आणि खुर्ची तेवढी उरली. नाव ऐकून ससेसुद्धा हसायचे.

मग लांडगे आले. बूट वाजवत आले. त्यांचा म्होरक्या लुडोविकापुढे कमरेत वाकला.

"राजकन्यासाहेब, आमच्या मेजवानीत आपली खुर्ची पहिल्या रांगेत!"

इतक्या वर्षांनी कोणीतरी तिच्यापुढे वाकलं होतं. लुडोविकाला त्याचे दातही दिसले, पण वाकणं आधी दिसलं.

मेजवानीत सूप पिता पिता म्होरक्या म्हणाला, "नदीपलीकडच्या बदकांना आम्ही गोळा करतोय. तो एमिल म्हणे आपल्या ओळखीचा? आपण शब्द टाकलात तर त्याला सोडू."

एक शब्द, बाळांनो. तो तिच्या चोचीपर्यंत आलाही होता. पण शेजारच्या खुर्चीतली टिटवी मान वाकडी करून ऐकत होती. राजकन्येची आणि बदकाशी ओळख! उद्या खुर्ची पुन्हा दाराजवळ गेली असती.

"ओळख कसली?" लुडोविका म्हणाली. "आम्ही त्याला कधी जेवायला बोलावलेलं नाही."

आणि ते खरंच होतं. खोटं बोलणं त्या घराण्याला शोभत नसे.

थोड्याच दिवसांत लांडग्यांकडून भेट आली. खुर्चीसाठी पिसांची उशी. "किती मऊ!" म्हणत लुडोविकाने आभाराचा निरोप धाडला.

यथावकाश लांडगेही बुडाले. लुडोविका म्हातारी झाली. हिवाळ्यात शेकोटीला लाकूड मिळेना. तेव्हा बर्टोल्ड रानडुक्कर तिच्या दारी आला. त्याचा चिखलस्नानाचा धंदा जोरात होता.

"आईसाहेब, मला दत्तक घ्या. घराण्याचं नाव तेवढं द्या. लाकडाचं मी बघतो."

त्या जंगलात अशी रीत आहे खरी. चांगल्या थोराड डुकरालाही दत्तक घेता येतं. ज्या हंसिणीला बदक नवरा चालला नाही, तिला डुक्कर मुलगा चालला.

लगेच दुकानावर पाटी लागली: 'राजपुत्र बर्टोल्ड यांचे अस्सल शाही चिखलस्नान'. पाटीखाली लुडोविकाची खुर्ची मांडली गेली. तीत बर्टोल्ड बसला.

"आणि मी रे?" लुडोविकाने विचारलं.

"तुम्ही ती पुसत जा ना, आईसाहेब. तुमच्याइतकं तिला कोण जपणार?"

ती रोज चिखल पुसू लागली. पुसता पुसता एकदा उशी उसवली आणि आतून एक पीस बाहेर आलं. निळं.

लुडोविकाने ते ओळखलं. एमिलचं नाव कितीतरी वर्षांनी तिच्या चोचीशी आलं, पण तेवढ्यात दारात गिऱ्हाइकं दिसली. तिने पीस आत ढकललं, उशी थोपटली आणि मान ताठ करून बाजूला उभी राहिली. दाराजवळ, वाऱ्यात.

तात्पर्य: बाळांनो, प्रेमापेक्षा आणि शेजाऱ्याच्या जिवापेक्षा मान मोठा समजावा. मान जपला की खुर्ची शेवटपर्यंत साथ देते. बसायला नाही, तर पुसायला तरी मिळतेच.