ड्रॅगन कोणत्या तांड्याचा

मी ड्रॅगन झालो, यात माही काहीच चूक न्हाई. लाईट गेली होती, एवढंच.

दोन हजार पाच साल. हिंगोलीत ग्यानोबा सरांच्या कॉम्प्युटर क्लासला होतो मी. तिथं लाईट यायची कमी, जायची जास्त. त्यामुळं आमी कॉम्प्युटर शिकलो थोडं आन बंद स्क्रीनच्या काचेत तोंडं पाहिली लई. मी पुजाचं पाहायचो. (तिच्या मागंच माही खुर्ची होती. मीच ओढून ठेवलेली.)

पुजा सेनगावकडच्या तांड्याची, किसनसिंग काकांची पोरगी. आमी शिरड शहापूरकडचे. तांडा येगळा, गोत येगळं, म्हणजे सोयरिकीला सगळं बराबर. माही माय निर्मलाबाई त्यांच्या घरी शब्द टाकायला निघालीच होती. मीच अडवलं.

"माय, आठ दिवस थांब."

"काहून?"

"मी किती हुशार हाय, ते आधी तिला कळू दे."

माय माह्याकडं पाहत राहिली. "मंग तर आजच जाते," म्हणली.

पण मी ऐकलं न्हाई. आत्याच्या बंटीनं पुण्याहून एका खेळाच्या पुस्तकाची झेरॉक्स धाडली होती. बोर्ड न्हाई, पट न्हाई, नुसतं बोलायचं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, आन भांडण लागलं की फासा टाकायचा. दुसऱ्या दिवशी लाईट गेली, तसा मी लुडोचा फासा काढला.

पुस्तकातला हिरो होता स्कारगुल्फ. उत्तरेकडच्या बर्फाच्या समुद्रावरचा. सात फूट उंच, हातात कुऱ्हाड, दाढीला बर्फ लटकलेला.

"बर्फगोळ्याच्या गाडीवर हाय का?" प्रेमदासनं विचारलं. प्रेमदास म्हणजे क्लासमधलं सगळ्यात गरीब पोरगं. माऊस उचलायच्या आधी सरांची परवानगी घ्यायचा.

"कोणाचा हाय पण त्यो?" पुजानं विचारलं.

"हाल्गारचा पोरगा."

"आन मामा कोण?"

मी पानं चाळली. मामाचं कुठंच लिहिलेलं न्हाई.

"मामाच न्हाई, मंग इतका मोठा हिरो कसा झाला?" पुजा म्हणली. सगळ्यांनाच ते पटलं.

म्हणून रातून बसून मी त्याला आपल्याकडचा केला. समुद्राच्या जागी येलदरीचं धरण. जहाजाच्या जागी सेनगावची जीप (माणसं तशीच लटकलेली). मधाच्या दारूच्या जागी रसवंती. कुऱ्हाड राहू दिली, ती आपल्याकडं घरोघर हाय. मामा दिला, औंढ्याचा. पुस्तकातला ड्रॅगन सोन्याच्या ढिगावर बसतो, मी त्याला हळदीच्या पोत्यांवर बसवला. आन ड्रॅगनचं घर मुद्दाम पुजाच्या तांड्यामागच्या टेकडीवर ठेवलं. तिला वाटावं, पोरगा आपल्या गावाचा किती विचार करून राहिला.

मीच हिरो होणार होतो. पण तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात नियम निघाला : गोष्ट सांगणाऱ्यानं हिरो व्हायचं न्हाई, बाकी सगळं व्हायचं. राक्षस, म्हातारी, घोडा, ड्रॅगन. मंग हिरो कोणाला द्यावा? ज्याच्यापासून काहीच धोका न्हाई त्याला. मी प्रेमदासला दिला. इतकं डोकं मी आयुष्यात कधी लावलं नव्हतं.

पुजा झाली जडीबुटीवाली. चार दिवस खेळ असा रंगला, की लाईट आली की पोरं हळहळायची. ग्यानोबा सरसुद्धा दारात उभं राहून ऐकायचे.

पाचव्या दिवशी स्कारगुल्फ टेकडीवर चढला. प्रेमदासनं हात जोडून फासा टाकला. एक पडला. कुऱ्हाड बाभळीत अडकली.

मी खुर्चीवर उभा राहिलो. दोन्ही हात पसरले, तोंड उघडलं. आता आग निघणार, हिरो जळणार, आन मंग मी पुजाला आतून दयाळू असलेला ड्रॅगन दाखवणार, असा हिशेब होता.

"थांबा," पुजा म्हणली. "ह्यो ड्रॅगन राहतो कुठं?"

"तुमच्या तांड्यामागं."

"कधीपासून?"

"तुमच्या आज्याच्या आधीपासून."

"पाणी कुठलं पेतो?"

मला वाटलं, पोरगी माह्यात रस घेऊन राहिली. मी खुशीत म्हणलं, "तुमच्याच विहिरीचं."

"मंग गावचाच झाला की."

"व्हय, गावचाच."

"गावचा म्हणल्यावर भाऊ झाला. भाऊ बहिणीच्या माणसांना जाळत असतो का?"

माहं तोंड उघडंच होतं. तिनं दसऱ्याला कॉम्प्युटरला बांधलेला लाल नाडा सोडला.

"हात पुढं करा."

"पुजा, भाऊ ड्रॅगन हाय. मी न्हाई."

"हात तर तुमचाच हाय."

"पंजा समज ना त्याला."

"समजून राहिले. पंजा पुढं करा."

मी सरांकडं पाहिलं. माणसाला कुठंतरी न्याय पाहिजे. सर म्हणले, "पूजेतला नाडा हाय, नेमसिंग. न्हाई म्हणू नये."

तिनं गाठ मारली. दोन मारल्या. आन त्याच वक्ताला लाईट आली. सगळे कॉम्प्युटर एकदम सुरू झाले, वरचा पंखा फिरला. पोरांनी हात जोडले. प्रेमदासच्या तर डोळ्यात पाणी.

"दादा, आता खाली उतर," पुजा म्हणली. गाठ मारीपर्यंत मी तिला 'तुमी' होतो.

घरी आलो तर माय नवं लुगडं नेसून दारात उभी.

"चल, येते किसनसिंगकडं जाऊन. हाताला काय हाय ते?"

"नाडा."

"कोणी बांधला?"

"पुजानं."

माय आत गेली, जुनं लुगडं नेसून बाहेर आली आन भाकरी थापायला बसली. पहिली भाकरी तव्यावर टाकून म्हणली, "हुशारी कळली तिला."

पुढच्या वर्षी पुजाचं लग्न झालं. प्रेमदासशी. (कुऱ्हाड बाभळीतच राहिली, तरी.) किसनसिंग काका स्वता पत्रिका घेऊन आमच्या घरी आले. "भावाशिवाय कसं व्हईल?" म्हणले.

मांडवात गेलो तर चूल पेटत नव्हती, लाकडं वली. आचारी घामाघूम. तेवढ्यात बाशिंग बांधलेल्या प्रेमदासनं लांबून मला पाहिलं आन लई आदरानं सासऱ्याला सांगितलं, "मामा, नेमदादाला बसवा. ते तोंडातून आग काढतात."

मी बसलो. शेवटच्या पंगतीचं वरण शिजेस्तोवर चूल फुंकत होतो. धुरानं डोळे लाल झाले, नाक गळायला लागलं. तिकडं पाठवणीची वेळ झाली. बायांनी माह्याकडं बोट करून आपापल्या पोरांना दाखवलं.

"पाहा, भाऊ असावा तर असा. किती रडून राहिला."

मी म्हणलं, धूर हाय.

कोणी ऐकलं न्हाई. वरण मात्र, सगळे म्हणले, थोडं खारट झालं होतं.