बर्वेकाकांची घरची माणसं

वेस्ट विंडसरमध्ये जेवायला बोलावलं की कुणी नायगाऱ्याच्या स्लाइड्स दाखवायचं, कुणी डिस्नीलँडच्या. आमचे शेजारी बर्वेकाका कवट्या दाखवायचे.

श्रीखंडाच्या वाट्या हातात आल्या की काका पडदे ओढून घेत. प्रोजेक्टरमधली स्लाइड खर्रकन् सरके आणि भिंतीवर ओळीनं मांडलेल्या कवट्या उजळत. कपाळावर निळी फुलं, हिरव्या पानांचा वेल, मधोमध सुबक अक्षरांत नाव. बायका "अगंबाई!" म्हणून वाट्या खाली ठेवत. काका शांतपणे म्हणत, "घाबरू नका, घरचीच माणसं आहेत."

काका औषधकंपनीत केमिस्ट. एकटेच राहायचे. दर सुट्टीत ऑस्ट्रियातल्या डोंगरातली खेडी गाठायचे. "तिथं पुरायला जागा कमी," ते समजावत. "म्हणून काही वर्षांनी थडगं उघडतात. कवटी धुतात, उन्हात वाळवतात, रंगवतात आणि चर्चशेजारच्या खोलीत ठेवतात. ही मारिया, हा तिचा नवरा. दोघांत बोटभर अंतर नाही बघा!" मग ते तिथल्या गवताचा वास सांगत, गायींच्या गळ्यातल्या घंटा सांगत, आणि त्या अंधाऱ्या हॉलमध्ये मला त्या खरंच ऐकू येत.

"पुढच्या वेळी कॅन्सल करू या," बायको परतताना म्हणायची. मी हो म्हणायचो, आणि पुढच्या वेळी पुन्हा जायचो.

शहाऐंशीच्या ऑक्टोबरात नागपूरहून फोन आला. बाबा गेले. माझे ग्रीन कार्डचे कागद अडकलेले, देश सोडता येईना. दुपारी काका आले. मागच्या पायरीवर माझ्याशेजारी बसले. मेपलची पानं एकेक करून उतरत होती.

"आई गेल्याची तार मला चार दिवसांनी मिळाली," ते म्हणाले. "सांगलीला पोचलो, तर अस्थींचंही विसर्जन करून झालेलं. हात लावायला काही उरलंच नव्हतं रे."

इतक्या वर्षांत त्यांच्या आईविषयी मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"तुझे बाबा हसायचे कसे?" त्यांनी विचारलं.

सांगायला गेलो, जमेना. मग हसूनच दाखवलं. आधी नाकातून, मग खांदे उडवत.

काकांनी तसंच करून पाहिलं. "असं?"

"नाही काका, खांदे अजून."

त्यांनी पुन्हा केलं. ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघं तिथं बसून, डोळे पुसत, बाबांसारखं हसत राहिलो.