सात नंबरचं भात

महाडच्या शेती प्रदर्शनाला भागोजी सगळं कुटुंब घेऊन निघाला, तेव्हा एसटीत बायकोच्या, म्हणजे सोनाबाईच्या मांडीवर शिदोरी होती आणि त्याच्या मांडीवर पायलीभर भात. दिवाळीपासून तो त्यातला एकेक दाणा निवडत होता. गेली दोन वर्षं भाताचं पहिलं बक्षीस शेजारच्या वाडीचा हैबती नेत होता. यंदाही हरलो, तर कापडे गाव सोडून मुंबईला मुलाच्या, चंदूच्या खोलीवर राहायला जाईन, असं भागोजीने जाहीर केलं. रजेवर आलेला चंदू ते ऐकून बापाच्या मांडीवरचे दाणे स्वतःच पुन्हा निवडू लागला.

प्रदर्शनात टोपल्यांवर नावं नव्हती, नुसते नंबर. भागोजीला सात नंबर मिळाला. परीक्षकांची जीप वाटेत पंक्चर झाली होती, म्हणून बापलेक बैलजोड्या बघायला गेले आणि सोनाबाई शेजारच्या ‘जुन्या काळचं शेतकरी घर’ या मांडवात शिरली. ते थेट तिच्या घरासारखंच होतं, फक्त त्याला दहा पैसे तिकीट होतं. आत शेती खात्याच्या कचेरीतली मंजुळा नऊवारी नेसून भात भरडायचं घिरट फिरवत होती. घिरट रिकामं होतं. चुलीवरच्या मडक्यात नुसतं पाणी उकळत होतं.

“रिकामं घिरट फिरवू नये गो. घरातला दाना सरतो.”

“मावशी, आम्हाला भात दिलंच नाही. साहेबांनी फक्त फिरवायला सांगितलंय.”

“कवापासून फिरवतेस?”

“सकाळी दहापासून.”

सोनाबाईने मनात हिशेब केला. एव्हाना निम्म्या तालुक्याचा दाणा सरला असणार. बाजूला प्रदर्शनात भाताच्या बारा टोपल्या भरलेल्या होत्या, पण लोकांच्या दाण्याला हात लावणारी बाई ती नव्हे. तिने आपलीच टोपली उचलली. मांडायची ती मांडून झाली, चार लोकांनी बघितली, आता तिचं तिथे काय काम?

दोन तासांनी परीक्षक आले. सात नंबरच्या जागी नुसता पुठ्ठा होता. भागोजीने सरळ हैबतीकडे बघितलं.

“माझं भात कुठं हाय?”

“मला काय इचारतोस? मी राखन बसलोय काय हितं?”

“चोर असंच बोलतो.”

हैबतीने टोपी काढून खिशात ठेवली. “लफडा नको, लफडा नको,” म्हणत चंदू मध्ये पडला आणि पहिल्या दोन्ही थपडा त्यालाच बसल्या.

तेवढ्यात शेजारून गरम भाताचा वास आला. परीक्षक सकाळपासून उपाशी होते. ते तिकडे वळले, त्यांच्यामागे सगळी गर्दी. सोनाबाईने भरडून, सडून, शिजवून भात पत्रावळींवर वाढला होता, वर शिदोरीतली सुकट. आलेल्या प्रत्येकाला ती बसवत होती. हैबतीलाही बसवलं. कोपऱ्यातली आपली रिकामी टोपली भागोजीने उचलून उलटी करून बघितली.

“तू माझं भात शिजवलंस?”

“मग काय दुसऱ्याचं शिजवू?”

परीक्षकांनी बोटं चाटूनपुसून निर्णय दिला. नमुना जागेवर नसल्याने सात नंबर बाद. पहिलं बक्षीस हैबतीला, फवारणीचा पंप. टाळ्या झाल्या. भागोजी भिंतीकडे तोंड करून बसला.

थोड्या वेळाने हैबती पंप घेऊन पुन्हा आत आला आणि त्याच्याजवळ उकिडवा बसला.

“भागोजी,” तो हळू आवाजात म्हणाला, “ह्याचं दोन पायली बी देशील?”

भागोजीला भलताच आनंद झाला होता आणि तो हैबतीला दिसू द्यायचा नव्हता.

“वाढ गो ह्याला आजून,” तो भिंतीकडे बघतच म्हणाला. “नीट जेवला नाय तो.”