भरलेलं देऊन रिकामं घेणारे बिंदूअण्णा

आमच्या शेजारचे बिंदूअण्णा दर रविवारी रायफल क्लबात जातात, कंपनीची कोरी करकरीत काडतुसं लोकांना देऊन टाकतात आणि बदल्यात त्यांच्याकडच्या उडवून झालेल्या रिकाम्या पुंगळ्या घरी आणतात. जुन्या साडीवर स्टीलचा डबा देणारी बोहारीणसुद्धा याहून हिशेबी असते.

क्लबातले लोक अण्णांच्या शेजारची जागा धरायला धडपडतात. अण्णा मात्र घासाघीस करतात. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक त्यांच्या खिशात असतं. पुंगळी त्याला चिकटली की ती लोखंडी, म्हणून परत. "ही एकदा उडाली की संपली. पितळी द्या की, पितळीत पुन्हा दारू भरता येते," असं ते जाणत्याच्या थाटात सांगतात. दारू भरायचं हातयंत्रही त्यांनी विकत आणलंय. सप्तापुरातल्या त्यांच्या घरी ते फडताळाच्या कडेला घट्ट बसवलंय, आणि मी पाहतोय तेव्हापासून त्याच्या दांड्यावर अण्णांची माकडटोपी वाळत असते.

गंमत अशी की अण्णांसारखा भित्रा माणूस अख्ख्या धारवाडात सापडायचा नाही. सगळी नोकरी वीज खात्यात झाली, पण घरचा फ्यूज उडाला की हाक मला. कुकरची दुसरी शिट्टी झाली की ते अंगणात येऊन उभे राहतात आणि तिसरी झाल्यावरच आत जातात. सोड्याची बाटली दुकानदारानं उघडायची आणि हात लांब करून द्यायची. "भरलेलं काही घरात नको बघा, मास्तर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गॅसचं दुसरं सिलिंडरही त्यांनी याच कारणानं घेतलं नाही. गॅस संपला की दोघे भाऊ आमच्याकडे जेवायला असतात.

दोघे भाऊ म्हणजे अण्णा आणि त्यांचा धाकटा श्रीपाद. अण्णांनी लग्न केलं नाही, भावालाच वाढवलं. रायफल त्यांच्या वडिलांची, लायसन आता दोघा भावांचं. श्रीपाद कॉलेजपासूनचा नेमबाज. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको सुमा गेली आणि हा हळूहळू बोलायचाच थांबला. प्राध्यापकी सोडली, खिडकीपाशी बसून राहू लागला. रविवारी क्लबात गेला की तेवढा वेळ माणसात येतो. अण्णा कानात बोळे घालून त्याच्या मागे उभे राहतात आणि निघण्याआधी उरलेलं एकूण एक काडतूस वाटून टाकतात. घरी येते ती पुंगळ्यांची पिशवी. भित्रेपणा, दुसरं काय, असं मी बायकोला सांगत असे.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी बेलूरच्या बाजूला असलेलं ते मैदान पाण्यानं भरलं आणि क्लब बंद निघाला. दुपारी अण्णा आमच्या फाटकात उभे. पिशवी पोटाशी धरलेली, तोंड पांढरंफटक.

"मास्तर, स्कूटर काढा. जुन्या हुबळीला जायचंय. पाटील वकिलांकडे."

पाटील वकील म्हणजे क्लबातले त्यांचे नेहमीचे गिऱ्हाईक.

"आत्ता? या पावसात?"

"जाताना घेतलेला डबा भरलेला राहिला की हो. श्रीपा झोपलाय, तोवर जाऊन येऊ."

"उद्या जाऊ, अण्णा. पळून जातो का डबा?"

"उद्या नको. एक रात्रही नको. पाया पडतो तुमच्या."

माझ्याहून मोठा माणूस पाया पडायची भाषा करतो म्हटल्यावर मी मुकाट्यानं किल्ली घेतली.

पुढे मी, मागे अण्णा आणि मधे काडतुसं, अशी आमची वरात निघाली. डबा माझ्या पाठीला टोचत होता. खड्डा आला की अण्णा "हनुमप्पा, सांभाळ" म्हणायचे. काडतूस खड्ड्यानं उडत नाही हे मला माहीत होतं, पण ते माझ्या पाठीला माहीत नव्हतं. नवलूरला पोलिसांनी अडवलं.

"चीलदाग एनैतरी?" पोलिसानं पिशवीकडे बोट करून विचारलं. पिशवीत काय आहे?

भ्यालेल्या अण्णांना खोटं बोलता येत नाही. "गुंडु," ते म्हणाले. बंदुकीच्या गोळ्या. आणि पोलीस काही बोलायच्या आत त्यांनी लायसन, क्लबाचं कार्ड, आधार, पेन्शनचं पुस्तक आणि रेशनकार्ड एकापाठोपाठ एक त्याच्या हातात ठेवलं. रेशनकार्डापर्यंत पोचल्यावर तो कंटाळला. "होग्री अज्जा," म्हणाला. आजोबा, जा एकदाचे.

पाटील वकिलांनी नवा डबा पाहिला आणि पुंगळ्यांचं फडकं पुढे सरकवलं. "निवडून घ्या, अण्णा." अण्णांनी चुंबक खिशातून काढलंसुद्धा नाही. लोखंडी की पितळी न बघता मूठ-मूठ भरून पिशवीत टाकल्या आणि भिंतीला टेकून मोठा श्वास सोडला. ते पाहून मला पहिल्यांदाच शंका आली.

परत येताना उणकल तलावाजवळ चहाला थांबलो.

"अण्णा, ते दारू भरायचं यंत्र कशाला घेतलंत? खरं सांगा."

"दाखवायला."

"कुणाला?"

"श्रीपाला. उरलेली काडतुसं मी वाटून येतो हे त्याला दिसतं की. काही कारण नको का? म्हटलं, छंद लागलाय म्हणून सांगावं."

मला नीट समजलं नाही असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "सुमा गेल्यावर तो एकदा बोलला होता. कशाला जगायचं म्हणाला. मी ऐकलं नाही असं दाखवलं. तेव्हापासून भरलेलं घरात ठेवत नाही."

"मग रायफलच सरकारजमा करून टाका."

"करायला काय, उद्या करीन. पण मग त्याला कळंल, अण्णाला आपलीच भीती वाटते म्हणून. आणि रविवार पण जाईल त्याचा. बेडा, मास्तर, नको. ती राहू दे."

भिंतीपलीकडे हा माणूस इतके दिवस एकटा पहारा देत होता, तोही सगळ्यांना हसू देऊन. चहाचे पैसे मी दिले आणि स्कूटर सुरू केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा दूध आणायला गेले असताना श्रीपाद आमच्या दारात आला. कित्येक महिन्यांत तो आपणहून असा आला नव्हता. त्यानं मूठ उघडली. तळहातावर एक कोरं काडतूस होतं.

"चपलांच्या खाली सापडलं, काका. अण्णांनी घाईनं डबा पिशवीत घातला तेव्हा सांडलं असेल. हात कापतात त्यांचे."

"कधी सापडलं?"

"काल. तुम्ही दोघं गेलात आणि लगेच."

म्हणजे रात्रभर ते त्याच्यापाशी होतं.

"मलाही भीती वाटली," तो म्हणाला. "रात्रभर दिवा लावून बसलो होतो. उजाडलं तेव्हा बरं वाटलं." त्यानं काडतूस माझ्या हातात ठेवलं. "पाटील वकिलांना देऊन टाकू. अण्णांना नका सांगू. त्यांना झोप लागायची नाही."

"देऊन येतो," मी म्हणालो. काडतूस मी अंगापासून लांब धरलं होतं.

"थांबा, मीही येतो. एकटे भ्याल तुम्ही."

मी स्कूटर काढली. तो मागे बसला. काडतूस त्याच्याजवळ द्यायचा धीर मला झाला नाही, ते मी माझ्याच शर्टाच्या खिशात घातलं. श्रीपादनं ते पाहिलं. मग मागून हात पुढे घालून त्यानं माझ्या खिशाचं बटण लावून दिलं.