शहाताची स्टेपनी

शहाताच्या ट्रकची स्टेपनी ट्रकपेक्षा मोठी आहे, असं गावात म्हणत. हे अर्थातच खोटं होतं. ती फक्त ट्रकच्या बाकी सगळ्या चाकांपेक्षा मोठी होती. लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्यांच्या लिलावात शहाताने ट्रक घेतला आणि स्टेपनी नाही म्हणून तक्रार केली. तिथल्या हवालदाराने शेजारच्या चाकांच्या ढिगाकडे मान हलवली आणि म्हणाला, "घे त्यातली हवी ती." फुकट मिळत असताना माणूस लहान वस्तू कशाला उचलेल? शहाताने सगळ्यात मोठी उचलली. म्हणजे उचलली चौघांनी, शहाताने बोट दाखवलं.

बंदारी वेल्डिंगवाल्याने ती ट्रकला बसवायचा विडा उचलला. हौद्याखालच्या पिंजऱ्यात ती शिरेना, म्हणून त्याने पिंजरा कापला. मग ती इतकी खाली लोंबू लागली की ट्रक गतिरोधकावर अडकून बसला. मग त्याने ती बाजूला टांगली, तर ड्रायव्हरचा दरवाजा उघडेना. काही दिवस शहाता पलीकडच्या दाराने चढला, पण त्या बाजूला बायको नबवीया बसलेली असली की दर वेळी तिला आधी उतरावं लागे. शेवटी स्टेपनी बॉनेटवर चढली आणि शहाताला रस्ता दिसायचा बंद झाला.

"काका," बंदारी घाम पुसत म्हणाला, "आता स्टेपनी आहे तशी ठेवू आणि ट्रक बदलू."

बदलायला वेळ नव्हता. शहाताच्या एकुलत्या एका लेकीचं, रावयाचं, लग्न चार दिवसांवर आलं होतं आणि तिचं सामान कालव्यापलीकडच्या कफ्र झिदान गावी, तिच्या सासरी पोचवायचं होतं. कपाट, पलंग, गाद्या, फ्रीज, पातेली, सगळं उघड्या हौद्यात रचून, ढोल वाजवत दोन्ही गावांतून न्यायचं, म्हणजे बघणाऱ्यांना मोजता येतं. शहाताला सामानाची काळजी नव्हती, ते भरपूर होतं. काळजी जावयाची होती. वागिह मुलगा चांगला, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. हजला जाऊन आलेली त्याची आई हज्जा तफीदा मात्र दोघांच्या वाटणीचं बोलायची. उद्या घरात काही कमीजास्त झालं तर हा मुका आपल्या पोरीच्या बाजूने उभा राहील का, या विचाराने शहाताची झोप उडाली होती.

निघायच्या दिवशी त्याने स्टेपनी हौद्यात सगळ्यात आधी चढवली.

"अहो, रुखवतात टायर?" नबवीया म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"कालव्याच्या रस्त्याला मुलीचं सामान पंक्चर होऊन पडलं तर काय म्हणतील?"

नबवीयाने वाद घातला नाही. तिने लाल साटनची रजई काढली आणि स्टेपनी अशी गुंडाळली की कुणाला वाटावं, काहीतरी भारी वस्तू आहे. वस्तू भारी होतीच.

वरात झोकात गेली. बंदारी हौद्यात कपाटाचा आरसा धरून उभा होता. वागिहच्या दारात पोचताच बायकांनी आनंदाच्या ललकाऱ्या दिल्या, लाल सरबताचे ग्लास फिरले आणि नवरदेवाच्या मित्रांनी हौद्यावर धाड घातली. त्या भागात एकच रीत, सुनेच्या ट्रकवर जे येईल ते थेट वर जातं. कुणी विचारत नाही, कुणी काही खाली ठेवत नाही. लाल गाठोडं वागिह आणि चार मित्रांनी मिळून चौथ्या मजल्यावर नेलं. दुसऱ्या मजल्यावर थांबून वागिह म्हणाला, "काकांनी काय दिलंय माहीत नाही, पण मनापासून दिलंय." हे त्याचं त्या दिवसातलं पहिलं वाक्य.

हौदा रिकामा झाला. शहाता परत निघायला ट्रकमध्ये बसला, तर ट्रक एका बाजूला कललेला. मागचं डावं चाक पार बसलं होतं.

"बघितलंस?" तो नबवीयाला विजयाने म्हणाला. "म्हणून स्टेपनी लागते." आणि हौद्यात डोकावून गार पडला.

त्याने रस्त्यातूनच वर हाक मारली. "विहीणबाई, आमची स्टेपनी वर राहिलीय. रावयाच्या खोलीत कुणीतरी ठेवली असेल, जरा बघता का?"

हज्जा तफीदा गच्चीच्या कठड्याशी आली. गेल्या वर्षी त्याच गल्लीतल्या एका मुलीने ठरलेला नवरा बाजूला ठेवून दुसराच एक पोरगा हाताशी राखला होता आणि गावाने त्या पोराचं नाव स्टेपनी पाडलं होतं. तेव्हापासून हज्जाला त्या शब्दाचा दुसरा अर्थ आठवत नसे.

"कुणाची स्टेपनी?" तिने जपून विचारलं.

"आमचीच. पोरीबरोबर पाठवायची नव्हती, पण पोरांनी घाईत वर नेली."

"आमच्या पोरांनी? स्वतःच्या हातांनी?"

"रजईत गुंडाळलेली होती ना. लोकांच्या नजरेला नको म्हणून."

ढोलवाल्याने हात थांबवला.

"लाज नाही वाटत सांगायला?" हज्जा म्हणाली.

"वाटते, म्हणूनच तर झाकली. पण तिच्याशिवाय मी घरी कसा जाऊ?"

नबवीयाने नवऱ्याची बाही ओढली. पण तोवर हज्जा आत गेली होती आणि वर शोध सुरू झाला होता. बायकांनी पलंगाखाली वाकून पाहिलं, नवं कपाट उघडलं, मोरीच्या दाराला कान लावला. कुणी सापडलं नाही म्हणून तर हज्जाचा संशय आणखीच वाढला. शेवटी ती समोरच्या लाल गोल बैठकीवर बसली.

शहाता धापा टाकत वर पोचला, मागे वागिह.

"सापडली?"

"नाही," हज्जा म्हणाली. "आणि सापडली असती तर मी तिला जिवंत सोडलं नसतं."

"अहो, उठा विहीणबाई. तुम्ही तिच्यावरच बसलाय."

हज्जा उठली. तिने रजईचं टोक उचललं, काळं रबर पाहिलं आणि त्यावर बोट दाबून बघितलं.

"हा टायर आहे."

"मग मी काय म्हणत होतो?"

"तुम्ही स्टेपनी म्हणत होता."

"तेच ते."

"तेच कसं?" हज्जाने विचारलं.

स्टेपनी खाली न्यायची ठरली. सुनेचं सामान खाली जाताना दिसणं चांगलं नव्हे, म्हणून हज्जाच्याच सांगण्यावरून पुन्हा रजईत गुंडाळून नेली. तिथे चुकलं. उघडा टायर नेला असता तर लोक हसले असते. पण लाल साटनचं एवढं गाठोडं सासरच्या घरातून बाहेर पडताना सगळ्या गल्लीने पाहिलं. सरबताचा ट्रे दारातूनच माघारी गेला. कुणी म्हणालं, "मोडलं वाटतं." एक म्हातारी "बिचारी पोर" म्हणत पदराने डोळे पुसू लागली.

शहाताचा फोन वाजला. गावाकडून रावया रडत होती.

"बाबा, सामान परत आणताय?"

"कोण म्हणालं?"

"सगळेच. माझ्या खोलीत काहीतरी लपवलेलं सापडलं म्हणे."

"वेडी की काय तू? नुसती स्टेपनी सापडली."

पलीकडून एक मोठा हुंदका आला आणि फोन बंद झाला.

"लवकर बसवा रे," शहाता म्हणाला. "ट्रक हलला की मी घरी जाऊन तिला समजावतो." बंदारीने जॅक लावला, बसलेलं चाक काढलं, पाच जणांनी स्टेपनी उभी करून लोटली आणि सगळे एकदम थांबले. ट्रकला बोल्ट दहा होते. स्टेपनीला भोकं आठ.

बंदारीने ती फिरवून पाहिली. नबवीयाने मोजून पाहिली. मोजून काही वाढलं नाही. इतके दिवस सगळ्यांनी स्टेपनी ठेवायची कुठे याचंच डोकं चालवलं होतं, ती ट्रकला लागते का हे कुणी पाहिलंच नव्हतं.

शहाता रस्त्याच्या कडेला बसला. गल्ली त्याच्याकडे बघत होती. आता ही टाकून गेलो तर सामान रस्त्यावर फेकलं म्हणतील, घेऊन गेलो तर परत नेलं म्हणतील. त्याला खरंच काही कळेना. हज्जा खाली दारात येऊन म्हणाली, "वागिह, तो टायर कालव्यात टाक आणि विषय संपव."

वागिहने आईकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे. मग त्याने लाल रजई काढून नीट घडी केली आणि नबवीयाच्या हातात दिली. उघडा टायर त्याने सगळ्यांना दिसेल असा दाराकडे वळवला.

"अम्मा, हे रावयाच्या सामानात आलंय," तो म्हणाला. आवाज फार मोठा नव्हता, पण गल्लीभर ऐकू गेला. "तिच्या सामानातलं काही या घरातून बाहेर जाणार नाही. बाजूला सर."

हज्जाने आयुष्यात पहिल्यांदा पोराचं ऐकलं आणि बाजूला सरली. मित्रांनी खांदा लावला. एका बाईला राहवलं नाही आणि तिने ललकारी दिली, मग दुसरीने दिली, ढोल सुरू झाला आणि स्टेपनी दुसऱ्यांदा चौथ्या मजल्याकडे निघाली. पुढच्या गल्लीतून पंक्चरवाला आला आणि त्याने बसलेलं चाक चहा होईपर्यंत दुरुस्त करून दिलं. त्याला आधीच का बोलावलं नाही, असं तो दोनदा म्हणाला.

शहाताने लेकीला फोन लावला. जिन्याच्या वळणावर वागिहचा सदरा खांद्यात फाटलेला दिसत होता, तरी त्याने टायर सोडला नव्हता.

"बाबा, काय झालं शेवटी?"

"काही नाही. सामान तुझ्या घरीच आहे."

"आणि ती स्टेपनी?"

"ती सासरी गेली, पोरी." शहाता म्हणाला. "जी कुठेच बसत नव्हती तिला त्याने घरात घेतलं. तुझी काळजी मी आजपासून सोडली."

पलीकडे रावया हसली की रडली, हे त्याला समजलं नाही. ललकाऱ्यांमध्ये काही ऐकूच येत नव्हतं.