दोनशे साठच्या खाली न्हाय

जनूशेठ पाटील माझ्या सायबर कॅफेत शिरताना चपला दाराबाहेर काढत. माझ्या कॅफेत चपला काढाव्यात असं काहीही नव्हतं. फरशीवर चहाचे डाग होते आणि तीन नंबरच्या कॉम्प्युटरखाली कोणीतरी टाकलेली गुटख्याची पुडी महिनाभर पडून होती. तरी शेठ अनवाणी आत येत, तीन नंबरसमोर बसत आणि घरात आजारी माणूस असल्यासारखं हळूच विचारत, "आज कितीवर हाय?"

मग मी एक वेबसाइट उघडायचो. तिच्यावर शेठची चादर असायची. गुलाबी, फुलाफुलांची, डबल बेड, दोन उशांच्या अभ्र्यांसकट. नाव 'सुखनिद्रा'. मी आकडा वाचून दाखवायचो. दोनशे साठ असला तर शेठ चहा मागवत. त्याच्या खाली असला तर ते चहा मागवत नसत, फोन मागत.

भिवंडीत सायबर कॅफे जोमात होते, तेव्हाची, म्हणजे दोन हजार आठच्या आगेमागेची ही गोष्ट. चादर म्हणजे दुकानात जायचं, हात लावायचा, भांडायचं आणि आणायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती हात न लावता घेणारे लोक असतात हे मला शेठमुळे कळलं. आपल्याच चादरीमुळे झोप उडालेला माणूसही मी तोच एक पाहिला.

शेठ मूळचे काल्हेरचे. बापजाद्यांची शेती खाडीला लागून. गोदामांचा जमाना आला तशी निम्मी जमीन विकली गेली आणि उरलेल्या निम्म्यावर शेठची पत्र्याची मोठी गोदामं उभी राहिली. आमच्याकडे असं झालं की माणूस पांढरी गाडी घेतो, गळ्यात साखळी घालतो आणि भाडं मोजत ओट्यावर बसतो. शेठनी गाडी घेतली, साखळी घातली, पण ओट्यावर काही ते टिकले नाहीत. नारपोलीला इक्बालभाईंचे लूम होते. त्यांच्याकडून कापड विणून घेऊन, छापून, शिवून शेठनी चादरीचा ब्रँड काढला. ब्रँड हा शब्द ते इतक्या आदराने उच्चारत की पहिल्यांदा मला वाटलं, एखाद्या संताबद्दल बोलतायत.

आणि ब्रँडबरोबर आली पॉलिसी. भिवंडी कोर्टातल्या एका वकिलाकडून त्यांनी एक कागद लिहून घेतला, लॅमिनेट केला आणि माल घेणाऱ्या प्रत्येक दुकानात खिळा ठोकून टांगला. बाकीचा मजकूर वकिली होता. अर्थ एवढाच, की सुखनिद्रा कोणीही, कुठेही, कोणालाही दोनशे साठच्या खाली विकायची नाही. विकली तर माल परत. "पॉलिसी म्हनजे पॉलिसी," हे शेठचं पालुपद. ते एवढं बोलले की पुढे वाद नसे.

ही पॉलिसी त्यांच्या अंगातच भिनली होती. मंदावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यांना भाजीबाजारात नेत नसत. भाजीवाली म्हणायची, मेथी दहाला. वहिनी म्हणायच्या, आठला दे. मागून शेठ ओरडायचे, "क्याला कमी करतंस? दहाची हाय तर दहालाच इक! मी बारा देतो!" घासाघीस ते उलट्या बाजूने करत. भाजीवाल्या त्यांना लांबून बघून खूश होत आणि वहिनी लांबून बघून रस्ता बदलत. समोरच्या कॅफेने तासाचा दर वीसवरून पंधरा केला, तेव्हा मीही केला. शेठ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नंतर आले, पण शेवटपर्यंत वीसच देत राहिले. "तू पर खाली, मी न्हाय परायचा," म्हणाले. त्यांच्या आगरी बोलीत 'ड'चा 'र' होई.

दुकानदार पॉलिसी पाळतात की नाही हे बघायला ते खोटी गिऱ्हाइकं पाठवत. पाकीट उघडलेलं नाही ना, हे कळायला आधी त्याची पिन बघायची, असं प्रत्येकाला शिकवून. कधी त्यांचा न्हावी, कधी व्याही, एकदा तर गावच्या पूजेला आलेले भटजी. भटजींनी कल्याण नाक्यावरच्या दुकानात चादर अडीचशेला मागितली. दुकानदाराने ब्राह्मणाला नाही कसं म्हणायचं म्हणून दिली आणि संध्याकाळी त्याच्या दारात माल परत न्यायला टेम्पो उभा राहिला. तेव्हापासून त्या दुकानात भटजींना उधारीवरही कोणी काही देत नाही.

भिवंडीचे दुकानदार अशा रीतीने सरळ झाले. वेबसाइटवाल्यांचं मात्र वेगळं होतं. त्यांचं ऑफिस अंधेरीला. त्यांनी शेठकडून माल घेतला, पॉलिसीवर सही केली आणि दिवाळीच्या तोंडावर चादर दोनशे दहाला लावली. शेठनी माझ्या कॅफेतून फोन लावला. फोनवर एक तरुण मॅनेजर होता आणि शेठनी स्पीकर सुरू ठेवला होता, त्यामुळे सगळ्या कॅफेने ऐकलं.

"सर, प्राइस वही है, दो सौ साठ. हमने सिर्फ डिस्काउंट दिया है."

"दो सौ साठ का बोर्ड लगाके दो सौ दस लेता है, तो बोर्ड काहे को लगाया? दिवाली की लायटिंग है क्या?"

"सर, कस्टमर को अच्छा लगता है."

"मेरे को नहीं लगता," शेठ म्हणाले आणि फोन ठेवला.

मग त्यांनी डोकं चालवलं. दोनशे दहाची चादर बाजारात फिरायला नको, तर ती फिरण्याआधी आपणच उचलायची! माझ्या कार्डावर ऑर्डरी सुरू झाल्या. शेठ मला रोख देत, मी बटण दाबत असे. खोकी माझ्याच कॅफेत येऊ लागली. आधी टेबलांखाली मावली, मग भिंतीला लागली. एका कॉम्प्युटरची खुर्ची मोडली होती, तिथली गिऱ्हाइकं सुखनिद्रेवर बसून नेट बघू लागली. शेठना ते बघवेना. "पाकीट चेपू नको, पिन वाकली की माल जुना दिसतो," म्हणून ते त्यांना उठवत.

व्हायचं तेच झालं. अंधेरीवाल्यांनी बघितलं, भिवंडीत ही चादर वेड्यासारखी खपतेय. त्यांनी ती वेबसाइटच्या पहिल्या पानावर घेतली, वर 'सर्वांची आवडती' असा तांबडा पट्टा लावला आणि आणखी माल मागवला. शेठ दोन दिवस आनंदात होते. तिसऱ्या दिवशी एक खोकं उलटं झालं आणि त्याच्या बुडावर मी पत्ता वाचला. माल जिथून निघाला होता ते गोदाम काल्हेरचं होतं.

"शेठ, हे तुमचंच गोदाम ना?"

शेठनी चष्मा वर करून वाचलं. अंधेरीवाल्यांनी भाड्याने घेतलेलं गोदाम त्यांच्याच जमिनीवरचं होतं. चादर नारपोलीहून शेठच्या गोदामात जात होती, तिथून माझ्याकडे येत होती आणि माझ्याकडून शेठ ती परत घरी नेत होते. या सगळ्या प्रवासात सुखनिद्रेवर झोपलं असं कोणी नव्हतं.

मी हसलो. शेठ हसले नाहीत. त्या पत्त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "त्याच शेतात जाऊन परली शेवटी." मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

पुढच्या आठवड्यात मॅनेजर स्वतः भिवंडीला आला. शेठच्या घरी मीही होतो, कारण इंग्रजीची वेळ आली तर कोणीतरी हवं होतं. मुलगा चांगला होता. वहिनींच्या हातचं बोंबलाचं कालवण त्याने मागून घेतलं. मग म्हणाला, येतं अख्खं वर्ष इक्बालभाईंचे लूम जेवढं विणतील तेवढं सगळं आम्ही घेऊ. अट एकच. पॉलिसी काढून टाका.

इक्बालभाईंचा चेहरा उजळला. त्यांचे निम्मे लूम मंदीत बंद उभे होते. "शेठ, हां बोल दो," ते म्हणाले. "दुकानवाले दस-दस पीस लेते हैं. ये ट्रक भरके लेगा." वहिनीही म्हणाल्या, "आवो, घ्या ना." मीही मान डोलावली.

शेठनी बोटं धुतली, नॅपकिनला पुसली, नॅपकिनची किनार सवयीने उलटून बघितली आणि म्हणाले, "न्हाय. उरलेला माल परत पाठव. आपला धंदा संपला." इक्बालभाईंचा हात धरून म्हणाले, "तुमचे लूम उभे न्हाय राहनार, मी दुसरा माल देतो. पन चादर दोनशे साठच्या खाली न्हाय."

मॅनेजर गेल्यावर माझा पारा चढला. एवढा हट्ट कसला, म्हटलं, ब्रँडचा एवढा गर्व बरा नव्हे. शेठ म्हणाले, "उद्या दुकान बंद ठेव. परघ्याला जायचंय. तुला गिऱ्हाईक व्हायचंय."

पडघ्याला नाशिक रोडच्या कडेला एक रसवंती आहे. तिच्यापाशी शेठनी गाडी उभी केली. समोर, रस्त्यापलीकडे, कापडाचं एक छोटं दुकान होतं. गल्ल्यावर नऊवारीतली एक बाई बसली होती.

"ती येनू. माझी बहीन," शेठ म्हणाले. "काल्हेरचं शेत इकू नको म्हनाली होती. मी निम्मं इकलं, निम्म्यावर गोदामं बांधली. रजिस्ट्रारच्या हापिसात तिनं सही केली, हिस्सा घेतला न्हाय आनि बोल्ली, तुझ्या पैशाचं पानी पन नको. तवापासनं भाऊबीज न्हाय. दाजी गेले तवा पन मना उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाय."

त्या दुकानात शेठची चादर जात होती. भिवंडीच्या एका होलसेलवाल्यामार्फत, नाव कळू न देता. दोनशे पंधराला तिला पडायची आणि दोनशे साठला विकली की वरचे पंचेचाळीस तिचे. लग्नसराईत तिचं घर त्या पंचेचाळीसांवर चालत होतं; भाव कुठेही उतरला की ते गेले. भावाचा पैसा नको म्हणणाऱ्या बहिणीला ओवाळणी द्यायची ही एवढीच वाट त्या माणसाला सापडली होती. ब्रँड, पॉलिसी, टेम्पो, भटजी, सगळं त्यासाठी. मला फार वाईट वाटलं.

"मानकोलीच्या गोदामात कामाला जानारी पोरं इथं येऊन तिला सांगतात, नेटवर दोनशे दहाला हाय," शेठ म्हणाले. "ती भावावर टिकलीय का बघून ये."

मी रस्ता ओलांडला. दुकानात एक जोडपं होतं. नवरा तेच म्हणत होता, नेटवर स्वस्त आहे. "मंग नेटवर हात लावून बघ, कापूस कसा हाय तो," येणूताई म्हणाल्या. जोडप्याने दोनशे साठ दिले आणि ते गेलं. मग मी सुखनिद्रा मागितली. त्यांनी पाकीट काढलं. मी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि शेठनी शिकवल्याप्रमाणे आधी पिन बघितली. येणूताई माझ्याकडे बघून हसल्या.

"दोनशे वीस द्या."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "आता तर त्यांना दोनशे साठला दिलीत."

"ते गिऱ्हाईक होतं." त्यांनी गल्ला उघडला. "त्यानं पाठवलेली तुम्ही सगली मानसं आधी पिन बघता. आनि ती पांढरी गारी महिन्यातनं एकदा रसवंतीपाशी उभी राहते. उसाचा रस प्यायला काल्हेरवरनं कोनी येत न्हाय." सुटे पैसे माझ्या हातावर ठेवत त्या म्हणाल्या, "घरच्या मानसाला पुरा भाव लावत न्हाय मी."

मी परत आलो. शेठनी काच खाली केली. "कितीला दिली?"

"दोनशे वीस."

त्यांचा चेहरा पडला. "बघ. पारली तिला नेटवाल्यानं."

"नाही शेठ," मी म्हटलं आणि त्या जे बोलल्या ते सगळं सांगितलं. गाडीचं, पिनेचं आणि शेवटचं वाक्य. ते शेवटचं वाक्य त्यांनी मला पुन्हा म्हणायला लावलं.

शेठनी गाडीची किल्ली काढली. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. मग खिसा चाचपून त्यांनी विसाच्या दोन नोटा काढल्या.

"चालीस कमी घेतले तिनं," म्हणाले. "असं चालनार न्हाय. पॉलिसी म्हनजे पॉलिसी."

ते उतरले. रस्ता ओलांडून दुकानाच्या पायरीपाशी गेले, तिथे थांबले आणि चपला काढल्या. मला वाटलं, आता परत फिरतात. पण ते आत गेले. थोड्या वेळाने दुकानातून दोघांचे आवाज येऊ लागले. एक म्हणत होता, घे. दुसरा म्हणत होता, न्हाय घेत. जुनं भांडण निघालं की चाळीस रुपयांचंच चाललंय, ते रस्त्याच्या आवाजात कळत नव्हतं. मग आवाज खाली आले आणि येणूताई बाहेर येऊन शेजारच्या चहाच्या टपरीला दोन बोटं दाखवून गेल्या.

रसवंतीवाला गाडीपाशी आला. "शेठचा नेहमीचा रस करू ना?"

"आज नको," मी म्हटलं. "आज त्यांना आत चहा मिळतोय."